एक चाक गरगरते, दुसरे स्वस्थ का?

कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या पाण्यामुळे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या बागायती भागात ऊस पुष्कळ होतो. तोडणीच्या हंगामात विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याकडे निघालेला एखादा ट्रॅक्टर ओल्या फडातच अडकतो. मागचे एक चाक गरगर फिरून चिखल उडवते आणि कडेच्या कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक जागचे हलत नाही. ज्या चाकाला पकड आहे तेच नेमके स्वस्थ का बसते, असा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांनी विचारला असेल. त्याचे उत्तर शोधताना वळणापासून सुरुवात करू.

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. किती जास्त? समजा दोन मागच्या चाकांमध्ये १.३ मीटर अंतर आहे. ट्रॅक्टर पूर्ण मागे वळला, म्हणजे त्याने अर्धे वर्तुळ काढले, तर बाहेरचे चाक ३.१४ × १.३, म्हणजे सुमारे ४.१ मीटर जास्त चालते. वळण मोठे घ्या की लहान, हा फरक तेवढाच राहतो. विद्यार्थ्यांनी सूत्र मांडून हे पडताळावे. आता चाकाचा व्यासही १.३ मीटर असेल तर त्याचा परीघ तेवढाच भरतो. म्हणजे बाहेरच्या चाकाला बरोबर एक फेरा जास्त घ्यावा लागतो.

बैलगाडीला याची अडचण येत नाही, कारण तिची चाके आसावर सुटी फिरतात. इंजिनाला मात्र दोन्ही चाके फिरवायची असतात. ती एकाच आसाला पक्की जोडली, तर वळताना एखादे चाक घासत जाणारच. १८२० च्या दशकाच्या अखेरीस ओनेझिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी यावर उपाय काढला. तो म्हणजे डिफरन्शियल.

त्यात आसाचे दोन तुकडे असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक दंतचक्र असते. त्या दोन्हींच्या मध्ये लहान दंतचक्रे बसवलेली असतात. इंजिन या लहान चक्रांची पेटी फिरवते. सरळ जाताना लहान चक्रे स्वतःभोवती फिरत नाहीत, सगळे एकत्र फिरते. वळताना ती स्वतःभोवती फिरून एका चाकाचा वेग जितका कमी करतात, तितकाच दुसऱ्याचा वाढवतात.

हे लहान चक्र म्हणजे जणू फिरते जूच. नांगराच्या जुवावर दोन्ही बैलांचा जोर सारखा असावा लागतो. एक बैल कच खाऊ लागला की जू तिरके होते आणि दुसऱ्या बैलाची ताकद कामी येत नाही. डिफरन्शियलही दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. चिखलातल्या चाकाला १,००० न्यूटनपेक्षा जास्त रेटा घेता येत नसेल, तर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही १,००० न्यूटनच मिळतो. एकूण झाले २,०००. ट्रॉली हलवायला ६,००० लागत असतील, तर ती हलणार नाही. पेटीचा सगळा वेग मात्र मोकळ्या चाकाला मिळतो. म्हणून ते दुप्पट वेगाने गरगरते.

वर्गात हे सहज दाखवता येते. लांब पट्टीच्या दोन टोकांना दोऱ्याने एक हलके आणि एक जड पुस्तक बांधावे. पट्टीच्या मध्याला तानकाटा अडकवून टेबलावरून सावकाश ओढावे. फक्त हलके पुस्तक सरकते. तानकाटा त्या पुस्तकाला लागणाऱ्या बलाच्या साधारण दुप्पट बल दाखवतो. मग पट्टी दोन्ही हातांनी न वळू देता ओढावी. आता दोन्ही पुस्तके सरकतात.

पट्टी अशी जखडणे म्हणजेच डिफरन्शियल लॉक. ट्रॅक्टरचालक त्याचे पेडल दाबतो तेव्हा दोन्ही चाके एकाच वेगाने फिरू लागतात आणि प्रत्येकाला त्याच्या पकडीइतका जोर मिळतो. दुसरीही एक युक्ती आहे. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांसाठी वेगळे ब्रेक असतात. गरगरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबला, तर त्याला फिरवण्यास जास्त जोर लागतो आणि तितकाच जोर दुसऱ्या चाकालाही मिळतो. आजच्या अनेक मोटारींत संगणक हेच करतो.

मग लॉक कायमच लावून का ठेवू नये? फडातून बाहेर पडून ट्रॅक्टर पुणे-नाशिक रस्त्याच्या डांबरावर आला की पहिला हिशोब पुन्हा लागू होतो. अर्ध्या वळणाला ४.१ मीटरचा फरक भरून काढायला वाव राहत नाही. ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो, टायर घासतात, आस किंवा दाते तुटू शकतात. म्हणून लॉक चिखलात, सरळ जाताना आणि थोडा वेळच वापरायचा. रस्त्यावर येण्यापूर्वी तो सुटला आहे आणि दोन्ही ब्रेकची पेडले एकमेकांना जोडली आहेत, हे पाहायचेच.

मागची चाके मुद्दाम घसरवत गाडी आडवी नेण्याच्या शर्यती, म्हणजे ड्रिफ्टिंग, जपानमध्ये सुरू झाल्या. त्यांतल्या काही गाड्यांचे डिफरन्शियल वेल्डिंगने कायमचे जखडलेले असते. टायरची एकूण पकड मर्यादित असते. ती गरगरण्यात संपली की गाडीला आडवे जाण्यापासून रोखायला फारशी उरत नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये बहुधा एकच चाक गरगरते आणि दुसरे मागची बाजू धरून ठेवते. जखडलेल्या आसावर दोन्ही चाके एकदम सुटतात आणि शेपूट बाहेर फेकले जाते. शर्यतीत तेच हवे असते. पावसात माळशेज घाट उतरणाऱ्या टेम्पोला तेच जिवावर बेतेल.

या दोन टोकांच्या मध्ये एक प्रकार आहे. त्यात घर्षणाच्या तबकड्या वेगातला फरक थोडा होऊ देतात आणि पकड असलेल्या चाकाला जास्त जोर देतात. फर्डिनांड पोर्श यांनी शर्यतीच्या मोटारीसाठी १९३५ मध्ये याच हेतूचे डिफरन्शियल झेडएफ या जर्मन कंपनीकडून करवून घेतले होते.

तेव्हा निवड जमीन पाहून करावी. रोजच्या रस्त्याला साधे डिफरन्शियल पुरते, फार तर घर्षणाच्या तबकड्यांचे. शेताला हवे तेव्हा लावता आणि सोडता येणारे लॉक लागते. कायमचे जखडलेले डिफरन्शियल शर्यतीच्या बंदिस्त मैदानातच शोभते. आपल्या वर्गातली कितीतरी मुले उद्या ट्रॅक्टर चालवतील. पट्टी आणि दोन पुस्तके त्यांच्या लक्षात राहिली, तर लॉकचे पेडल कधी सोडायचे हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.