मुशीची प्रतिकारशक्ती आदिम नाही

कोकणच्या बाजारात मिळणाऱ्या मुशीला, म्हणजे शार्क माशाला, ना हाडे, ना आपल्या रोगप्रतिकारक पेशी जिथे बनतात ती अस्थिमज्जा. पण म्हणून शार्ककुळाची रोगप्रतिकारशक्ती कच्ची ठरत नाही. प्रतिपिंडे, टी-पेशी, थायमस हे आपल्याकडचे मुख्य घटक मुशीकडेही आहेत. आपला आणि शार्कचा सामाईक पूर्वज सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ही यंत्रणा त्याआधीच उभी राहिली. ती दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडली असेल, असा आक्षेप येईल. पण प्रतिपिंडांच्या जनुकांची जुळणी करणारी ‘रॅग’ जनुकेही दोघांत आहेत, आणि एवढा योगायोग संभवत नाही. जबडा नसलेल्या लॅम्प्रे माशाने मात्र प्रतिपिंडांऐवजी वेगळ्याच प्रथिनांची वाट धरली. प्रतिकारशक्ती कच्ची नसली, तरी शार्कला कर्करोग होत नाही, हा समज खोटा आहे. त्यांच्यातही गाठी आढळल्या आहेत. म्हणून या समजावर विकल्या जाणाऱ्या शार्कच्या कूर्चेच्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत.