एक चालला, आता शंभर चालले पाहिजेत

भोसरीत डायची ट्रायल असली की मी सकाळीच मशीनपाशी जाऊन बसतो. एबीएस प्लॅस्टिकचा दाणा आधी हॉपरमध्ये दोन-तीन तास सुकवतात. ओलसर दाणा गेला तर नगावर चंदेरी रेघा उठतात. मशीन सुरू झालं की पहिले नग फेकायचेच असतात. एकाचा कोपरा भरलेला नसतो, दुसऱ्याच्या कडेला प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटलेला असतो. मग डायवाले काका एक नग उचलतात, ट्यूबलाइटखाली तिरका धरतात आणि अंगठा फिरवतात. आतल्या बाजूला स्क्रूची खुंटी जिथे उभी असते, तिथे प्लॅस्टिक जाड असतं. ते सावकाश निवतं, आकसतं आणि बाहेरच्या गुळगुळीत अंगावर खळगा पडतो. तो घालवायला खुंटीच्या मुळाशी प्लॅस्टिक कमी करायचं, म्हणजे डायमधली पिन बदलून लांब करायची. डाय उतरवा, पिन बनवा, पुन्हा मशीन मोकळं होईपर्यंत थांबा. डायचे काही लाख तोवर देऊन झालेले असतात आणि विक्रीचा एक रुपयाही आलेला नसतो.

आम्ही शेतपंपाचा मोबाइल स्टार्टर बनवतो; ही डाय त्याच्या खोक्याची. थ्री फेज वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. शेतकऱ्याने अंधारात विहिरीवर जाण्याऐवजी घरून फोन लावावा आणि मोटर सुरू व्हावी, एवढं त्याचं काम. मोटर राखायची जबाबदारीही स्टार्टरचीच. चालू मोटरची एक फेज गेली तर उरलेल्या दोन फेजमधून जादा करंट वाहतो आणि वाइंडिंग जळतं. ते व्हायच्या आत स्टार्टरने मोटर बंद केली पाहिजे.

पहिला नमुना टेबलावर चालतो तेव्हा फार आनंद होतो. पुण्याच्या तापकीर गल्लीतून रिले, कनेक्टर, ट्रान्सफॉर्मर आणून हाताने जोडलेला एक नग नीट चालवणं जमतं. तोच शंभर ठिकाणी तसाच चालला पाहिजे, तिथून धंदा सुरू होतो. स्टार्टरमधल्या मोबाइल मोडेमचंच उदाहरण घ्या. सिग्नल पाठवताना तो क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो. पुण्यात रेंज भरपूर, त्यामुळे त्याला जोर लावावा लागत नाही. विहिरीवर रेंजची एकच काडी असते, त्यात लाइनच्या टोकाला व्होल्टेज पडलेलं. मोडेम पूर्ण जोर लावतो, बोर्डवरचा कपॅसिटर अपुरा असेल तर अख्खा बोर्ड रीसेट होतो. म्हणून आम्ही प्रत्येक नग डिमरस्टॅटला जोडतो, व्होल्टेज हळूहळू उतरवतो आणि अँटेना काढून मोडेमला धडपडू देतो. शिवाय खोक्याच्या उबेला मुंग्या येतात, मुंग्यांमागे पाली येतात. केबलचं प्रत्येक भोक ग्लँडने बंद करावं लागतं, बोर्डवर लॅकरचा थर द्यावा लागतो. प्रत्येक थराला, प्रत्येक ग्लँडला पैसे लागतात आणि गिऱ्हाईकाला त्यातलं काहीच दिसत नाही.

सुटे भागही हवे तेवढे मिळत नाहीत. चिपची रील हजारोंची असते. आम्हाला काहीशे लागतात. कापून घेतल्या तर महाग, रील घेतली तर पैसा कपाटात. २०२१च्या टंचाईत काही मायक्रोकंट्रोलरसाठी वर्षभराची मुदत सांगत होते. दुसरी चिप घ्यावी तर तिच्या पिना वेगळ्या. बोर्ड नवा, प्रोग्रॅममध्ये फेरफार आणि सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून.

माल गेल्यावरही काम संपत नाही. जत किंवा सांगोल्याच्या बाजूला एक नग बंद पडला, तर "ऊस वाळतोय, आधी बदलून द्या" असा फोन येतो आणि तो बरोबरच असतो. माणूस पाठवला की कितीतरी नगांचा नफा त्या एका फेरीत जातो. तरी पाठवावाच लागतो, कारण त्या गावातली पुढची विक्री त्या एका विहिरीवर ठरते.

हे सगळं आम्हाला झेपतं. झेपत नाही ती उधारी. सुट्या भागांचे पैसे आगाऊ, जॉबवर्कवाल्याला हातोहात, बिल फाडलं की जीएसटी भरायचा आणि मोठ्या खरेदीदाराकडून मात्र "पुढच्या महिन्यात बघू". एमएसएमई कायदा २००६चा आहे. लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या पलीकडे नेता येत नाही; नेलं तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून असं थकवलेलं बिल प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरलं जात नाही. तरीही लहान माणूस तक्रार करत नाही, कारण तक्रारीबरोबर पुढची ऑर्डर जाते.

चांगली वस्तू बनवणारे हात भोसरीत, चाकणमध्ये, कोल्हापूरच्या शिरोलीत आहेत. त्यांना बक्षीससमारंभ नकोत. माल तपासून घ्या, खोट असेल तर परत करा. पण पसंत करून वापरायला घेतलात, तर त्याचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्या.