गडद पट्ट्याचे विस्मरण

पट्टकी स्नायू आखडतो तेव्हा त्यातला एकही तंतू आखडत नाही. मायोसिनचे जाड तंतू आणि अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू आपापली लांबी राखून एकमेकांत सरकतात आणि सार्कोमिअर, म्हणजे स्नायूचा आकुंचन पावणारा सर्वांत लहान खंड, तेवढा आखूड होतो. काड्यापेटीचा खण आत ढकलला की खणही तेवढाच राहतो आणि कवचही, तसेच हे. हा सिद्धान्त २२ मे १९५४ च्या ‘नेचर’मध्ये एकाच अंकातल्या दोन लेखांतून जगापुढे आला. एक केंब्रिजच्या अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा अमेरिकेतल्या एमआयटीत काम करणाऱ्या ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन यांचा. (दोघे हक्सले एकमेकांचे कोणी लागत नाहीत.) नवी उपकरणे आली म्हणून नवे ज्ञान आले, असे या शोधाबद्दल सहसा सांगितले जाते. मला ते अर्धसत्य वाटते. त्यातला कळीचा पुरावा १९५४ च्या ८५ वर्षे आधीच डोळ्यांनी पाहिलेला होता. मधल्या काळात तो हरवला, आणि हरवण्याचे कारण वैचारिक होते.

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्राउझ यांनी १८६९ मध्ये नोंदवले होते की सूक्ष्मदर्शकाखाली या स्नायूवर आलटूनपालटून दिसणाऱ्या पट्ट्यांपैकी फिकट पट्टा आकुंचनात अरुंद होतो, गडद पट्ट्याची रुंदी मात्र बदलत नाही. पुढे स्नायूच्या अभ्यासाची सूत्रे सूक्ष्मदर्शक घेऊन बसणाऱ्यांकडून रसायनशास्त्रज्ञांकडे गेली. लॅक्टिक आम्ल आणि उष्णता मोजण्याचे दिवस आले. १९३० च्या दशकात लीड्सच्या विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी लोकरीतल्या केराटिनचे रेणू घड्या घालतात आणि उलगडतात हे क्ष-किरणांनी दाखवले, आणि मायोसिनही तसेच करत असणार, असे मांडले. कल्पना इतकी देखणी होती की गडद पट्टा घडी होऊन आखडतो की नाही, हे मोजून बघण्याची गरजच फारशी कोणाला वाटली नाही. या विस्मरणाची हकीकत खुद्द अँड्र्यू हक्सले यांनी १९८० च्या ‘रिफ्लेक्शन्स ऑन मसल’ या पुस्तकात मांडली आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गडद पट्टा जेमतेम दीड मायक्रोमीटरचा, प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास. म्हणजे कडा धूसर दिसणारच. शिवाय स्नायू फार आखडला की जाड तंतूंची टोके सार्कोमिअरच्या सीमेवरच्या झेड-रेषेला भिडतात आणि नवेच गडद पट्टे उमटतात. अशा चित्रावर जुन्या निरीक्षकांत मतभेद झाले, तर मागाहून आलेल्यांनी त्यांच्यावर विश्वास का ठेवावा? हे मान्य. अँड्र्यू हक्सले यांना जिवंत स्नायूतंतूवर भरवशाची मापे घेण्यासाठी व्यतिकरणावर चालणारा खास सूक्ष्मदर्शक बनवावा लागला, यावरूनच अडचण किती खरी होती ते कळते. पण मापे एकमेकांशी जुळत नसतील तर पुन्हा मोजायचे असते. इथे मोजणेच जवळजवळ बंद पडले.

हॅन्सन यांनी ते सुरू केले, आणि या कथेत सर्वांत कमी सांगितले जाणारे नाव त्यांचेच आहे. मूळच्या प्राणिशास्त्रज्ञ, लंडनच्या किंग्ज कॉलेजात सशाच्या स्नायूतून सुटे मायोफायब्रिल (स्नायूतंतूतले बारीक धागे) काढून फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात त्या तरबेज झाल्या होत्या. १९५३ मध्ये त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक शिकायला एमआयटीत आल्या. त्यांचा आणि ह्यू हक्सले यांचा प्रयोग दिसायला अगदी साधा होता. काचपट्टीवरच्या मायोफायब्रिलवर मायोसिन विरघळवणारे क्षारद्रावण सोडायचे. पाहता पाहता गडद पट्ट्यातला गडदपणा निघून जातो. मागे झेड-रेषा आणि फिकट काया उरते. म्हणजे मायोसिन गडद पट्ट्यातच आहे, आणि अ‍ॅक्टिन झेड-रेषेपासून निघून त्यात शिरलेले आहे. मग वेगळ्या मायोफायब्रिलला आकुंचनासाठी ऊर्जा पुरवणारे एटीपी दिले, तर फिकट पट्टा आक्रसतो आणि गडद पट्ट्याची रुंदी तेवढीच राहते. क्राउझ यांचेच निरीक्षण, पण आता कोणत्या पट्ट्यात काय आहे हे माहीत असताना केलेले. १९५३ च्या पहिल्या लेखात तंतू सरकत असावेत हे लिहू नये, आधी पुरावाच छापावा, असा सल्ला प्रयोगशाळाप्रमुख फ्रान्सिस श्मिट यांनी दिला आणि तो पाळला गेला. सल्ला व्यवहारी होता, पण मला तो जास्तच सावध वाटतो.

दुसरा आक्षेप असा की पट्टा तेवढाच राहिला म्हणून तंतू सरकतात हे सिद्ध होत नाही. खरे आहे. त्याला उत्तर १९६६ मध्ये मिळाले. गॉर्डन, अँड्र्यू हक्सले आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या स्नायूतंतूवर सार्कोमिअरची लांबी बदलत बळ मोजले. जाड तंतू १.६० मायक्रोमीटरचा, दोन्ही बाजूंचे बारीक तंतू झेड-रेषेसह मिळून २.०५, बेरीज ३.६५. सार्कोमिअर ३.६५ पर्यंत ताणला, म्हणजे तंतूंचा एकमेकांवर येणारा भाग संपला, की बळ शून्यावर आले. घडीच्या सिद्धान्तात नेमक्या याच आकड्याला बळ संपण्याचे काहीच कारण नाही.

हॅन्सन १९६७ मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या आणि १९७३ मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी मेंदूज्वराने गेल्या. अँड्र्यू हक्सले यांना १९६३ चे नोबेल मिळाले ते मज्जातंतूंवरच्या कामासाठी. सरकत्या तंतूंच्या सिद्धान्ताला ते कधीच मिळाले नाही.