आधी माप पायाचे

मंडळी, वहाण शिवायची तर आधी पायाचे माप घ्यावे लागते. आधी वहाण केली आणि मग तिच्यात पाय कोंबला, तर पायाला फोड ठरलेलाच. संगणक आणि मोबाईल फोन यांचेही तसेच आहे. ज्याच्या हाती ते द्यायचे, तो माणूस दिवसभर काय करतो, कुठे अडतो, हे आधी पाहावे लागते. याची एक खरी हकीकत ऐका.

आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथे नैरोबीत कामाला गेलेला माणूस गावी पैसे पाठवी, ते पुष्कळदा ओळखीच्या माणसाबरोबर, नाहीतर बसच्या ड्रायव्हरबरोबर. पोचले तर पोचले! बँकेत खाते थोड्यांचेच होते, पण साधे मोबाईल फोन झपाट्याने पसरत होते.

२००५ साली तिथल्या सफारीकॉम कंपनीने व्होडाफोनबरोबर एक प्रयोग सुरू केला. छोटे कर्ज घेणाऱ्यांनी फोनवरून हप्ते भरावेत, एवढाच हेतू. नैरोबी आणि थिका या भागांतले पाचशेहून कमी लोक त्यात घेतले. आता गंमत पाहा. लोकांनी हप्ते तर भरलेच. पण कुणी दुसऱ्याचा हप्ता भरला, कुणी आप्तांना पैसे धाडले, तर कुणी प्रवासाला निघताना रोकड इकडे भरून तिकडे पोचल्यावर काढून घेतली. म्हणजे वाटेत चोराची भीती नको!

‘लोक भलतेच करतात’ असे म्हणून त्यांना अडवता आले असते. पण प्रयोग करणाऱ्यांनी त्यातली गरज ओळखली. कर्जफेडीचा किचकट भाग बाजूला ठेवून मार्च २००७ मध्ये ‘घरी पैसे पाठवा’ एवढ्यावरच भर देऊन सेवा सुरू केली. नाव ठेवले एम-पेसा. स्वाहिली भाषेतला हा ‘पेसा’ आपल्या ‘पैशा’चाच सोयरा.

काम सोपे. जवळच्या दुकानदाराकडे रोख भरायची, फोनवर समोरच्याचा नंबर आणि रक्कम लिहून गुप्त आकडा दाबायचा. दोघांनाही संदेश जातो. गावातली आई जवळच्या दुकानात ओळखपत्र दाखवून पैसे घेते. त्यासाठी महागडा फोन नको की इंटरनेट नको. नंबर चुकला तर पैसे भलत्याकडे जात. म्हणून पुढे घेणाऱ्याचे नाव आधी दाखवण्याची सोयही झाली.

आपल्याकडेही साध्या फोनवरून पैसे देता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ ही सोय सुरू केली.

गुरुजींनो, मुलांना एकदा डेअरीवर न्या. दूध घालायला कोण येते, काय ध्यानात ठेवते, कुठे खोळंबते, ते टिपायला सांगा. मग विचारा, इथे यंत्र आणायचे तर ते कुणाचे कोणते काम हलके करील?

आणि मंडळी, फोनवरचे एखादे काम जमले नाही, तर लगेच स्वतःला अडाणी म्हणू नका. ‘हे करताना आमचे माप घेतले होते का?’ असे खुशाल विचारा.