‘खात्री झालेली नाही’

रात्री नवाच्या सुमाराला क्लिप आली. उसाच्या कडेने बिबट्या चाललाय, कुणीतरी ओरडतंय आणि खाली ओळ : ‘आपल्या शिवारात, आत्ताच.’ शिरूरच्या बेट भागातला हा एकवीस वर्षांचा पोरगा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. मी शेजारी बसून बघत होतो. त्याने क्लिप आधी आवाज बंद करून पाहिली, मग फोन पालथा ठेवून नुसती ऐकली. ‘‘बोली आपली नाही, सर,’’ एवढंच म्हणाला.

मग एकेक तपासणी. वर दोन बाण आहेत, म्हणजे मेसेज हातोहात फिरत आलाय. ऊस तुऱ्यावर आलेला. आपल्याकडच्या उसाला अजून तुरा नाही. बिबट्या वळतो तेव्हा अंगावरचे ठिपके जागा बदलतात का, हे तो क्लिप थांबवत थांबवत बघतो, कारण आता एआयने केलेले बिबटेही फिरतात. शेवटी पाठवणाऱ्याला फोन : ‘‘तू स्वतः पाहिलास का? कोणाच्या रानात?’’ उत्तर आलं, दौंडच्या पाहुण्यांनी पाठवलाय. त्याने दौंड तालुक्यातल्या मामांना विचारलं. तिकडे तीच क्लिप त्यांच्या गावाच्या नावाने फिरत होती.

जून 2020मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तो शाळेत होता. पुढे इन्स्टाग्रामवर ट्रॅक्टरचे, बैलगाडा शर्यतीचे रील टाकू लागला. किती जणांनी पाहिलं, हे सकाळी उठल्या उठल्या बघायचा. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025मध्ये याच बेट भागात, पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याने तिघांचे जीव घेतले, त्यांत दोन मुलं होती. माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाऊ लागली. त्या दिवसांत आपणही एक जुनी क्लिप रीलला जोडणार होतो, चालली असती, असं तो सांगतो. पण आई रात्रीच्या लाईटीला रानात दारं धरायला जायची. तिच्याही फोनवर हेच सगळं येणार, हे लक्षात आलं आणि हात थांबला.

अफवेने माणसं मरतात हे महाराष्ट्राने पाहिलंय. 1 जुलै 2018ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार केलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादेने वेग कमी होतो. शहानिशा मात्र कुणीतरी बसून करावीच लागते, आणि माझ्या मते गावातलं हे काम आज पोलीस पाटलाच्या कामाइतकंच मोलाचं आहे.

पंजाच्या ठशाचा फोटो आला तर हा पोरगा नखं शोधतो. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. ठसा खरा वाटला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन. त्या रात्री त्याने ग्रुपवर लिहिलं : ‘व्हिडिओ आपल्याकडचा नाही. बिबट्या नाहीच, याची खात्री झालेली नाही. मोटर चालू करायला एकट्याने जाऊ नका.’ मधलं वाक्य त्याने दोनदा पुसून पुन्हा लिहिलं. क्लिप खोटी निघाली म्हणून लोक निर्धास्त झाले, तर तेही जिवावर बेतू शकतं.

लगेच एकाने सुनावलं, ‘‘तू वनखात्याचा माणूस का?’’ त्याने उत्तर दिलं नाही. रीलच्या दिवसांत असल्या कमेंटवर तासभर भांडायचा.

त्याला सलते ती गोष्ट वेगळी आहे. बिबट्या ज्यांना सगळ्यात आधी दिसतो ते ऊसतोड कामगार आणि मेंढपाळ गावच्या ग्रुपवर नसतातच. तोडणी सुरू झाली की बिबट्याचा आडोसा जातो, पिल्लं उघडी पडतात, आणि कामगारांची लेकरं तिथंच फडाच्या कडेला खेळत असतात. म्हणून टोळी आली की तो त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जातो, मुकादमाचा नंबर घेतो, आपला देतो. ग्रुपवर मेसेज टाकून झाल्यावर त्याने पहिला फोन मुकादमालाच लावला.