मूठभर तांदूळ आणि अनुदानाचा अर्ज

मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग मागे पडले की भिलाईची स्थानके एकामागून एक येऊ लागतात. रुळांच्या एका बाजूस पोलाद कारखाना व त्याची आखीव सेक्टरांची नगरी आहे. दुसऱ्या बाजूस जी. ई. रोडच्या कडेने पसरलेले, रविवारच्या बाजारासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेले सुपेला. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील करारावर २ फेब्रुवारी १९५५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यातील कर्मचाऱ्यांसाठी घरे, शाळा, रुग्णालय आणि उद्याने आराखड्यातच होती. सुपेला त्या आराखड्याबाहेरचे. येथे दुकानदार आले, कारागीर आले, कंत्राटी मजूर आले, आणि निवृत्तीनंतर कंपनीचे घर सोडावे लागलेली कुटुंबेही स्थिरावली. त्यांत मराठी कुटुंबे होतीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे विदर्भातून इकडे येणे हे परमुलखात येणे नव्हते.

अशा वस्तीत सार्वजनिक सोय हवी असेल तर ती आराखड्यातून उगवत नाही, ती मागावी लागते. उदाहरणादाखल असे मानू, की सुपेल्यातील काही कुटुंबांनी मुलांसाठी अभ्यासिका काढायचे ठरवले. दोन खोल्यांच्या घरात दूरचित्रवाणी, स्वयंपाक आणि आजोबांचा खोकला यांच्यामध्ये दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलाला संध्याकाळचे चार तास शांत बसता यावे, एवढीच अपेक्षा. एक खोली, टेबले, खुर्च्या, दिवे, पंखे, काही पुस्तके, दोन वर्तमानपत्रे. खर्चाचा अंदाज होतो चार लाख रुपये. मग पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणते, ‘एखाद्या ट्रस्टकडे अर्ज करू.’ येथवर सर्व सुरळीत असते. अडचण अर्ज लिहायला बसल्यावर सुरू होते.

देणाऱ्या हातांची वाण नाही. रोटरी व लायन्ससारखे क्लब आहेत, व्यापाऱ्यांचे न्यास आहेत, सर दोराबजी टाटा ट्रस्टसारख्या १९३२ पासून कार्यरत असलेल्या मोठ्या संस्था आहेत. ग्रंथालयांसाठी मे १९७२ मध्ये स्थापन झालेले कोलकात्याचे राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे. त्याच्या काही योजनांत राज्याने आपला वाटा घातल्यावर प्रतिष्ठान आपला वाटा देते. शिवाय कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते, आणि ती करताना आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. भिलाईसारख्या उद्योगनगरीत ही तरतूद साहजिकच सर्वांच्या तोंडी असते.

तथापि, देणाऱ्याच्या मेजावर असे अर्ज ढिगाने येतात आणि त्यांतील भाषा बहुतेक सारखीच असते. अर्जातील सर्वांत मोठा शब्द ‘सर्वांगीण विकास’ हा असतो आणि सर्वांत लहान आकडा विजेच्या बिलाचा. अर्ज तपासणारा मात्र नेमका उलटा शोध घेतो. या कामात मागणाऱ्यांचे स्वतःचे काय गुंतले आहे, हे त्याला पाहायचे असते.

या प्रश्नाचे उत्तर छत्तीसगढच्याच भूमीत, एका मराठी माणसाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. याच लोहमार्गाने दुर्गहून रायपूर आणि बिलासपूर ओलांडून सुमारे दोनशे किलोमीटर पुढे गेल्यावर चांपा लागते. सदाशिव गोविंद कात्रे हे रेल्वेचे कर्मचारी. त्यांना कुष्ठरोग झाला. त्या काळी या आजारासोबत नोकरी, आप्त आणि गावातील स्थान अशा सर्व गोष्टींवर गदा येत असे. स्वतः रुग्ण म्हणून उपचार घेतल्यानंतर त्यांनी अन्य रुग्णांसाठी काही करण्याचा निश्चय केला आणि १९६२ मध्ये चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. हाती भांडवल नव्हते, मागे कोणी मोठी आसामी नव्हती. कात्रे घरोघर जाऊन मूठभर तांदूळ मागत, असे आजही सांगितले जाते.

ही मूठभर तांदळाची कल्पना साधी दिसते. पण तिचे मर्म हिशेबी माणसाला चटकन उमगावे. ज्या घरातून मूठभर तांदूळ गेले, त्या घराचा त्या कामाशी संबंध जडला. कुष्ठरुग्णाच्या सावलीलाही भिणाऱ्या समाजात हा संबंध तांदळापेक्षा मोलाचा होता. छत्तीसगढमध्ये पौष पौर्णिमेला छेरछेरा हा सण साजरा होतो. त्या दिवशी मुले आणि मोठी माणसेही दारोदार धान मागत फिरतात आणि त्या मागण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. देण्याघेण्याची ती रीत ज्या प्रदेशाच्या अंगवळणी पडलेली आहे, तेथे कात्रे यांचे मागणे परके वाटले नसावे. मराठी मनालाही ते परके नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांना घरोघरच्या मुष्टिफंडाचा आधार होता, आणि अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काचकारखाना उभा राहिला.

कात्रे १९७७ मध्ये निवर्तले. त्यापूर्वीच अमरावती जिल्ह्यातील दामोदर गणेश बापट या कामात दाखल झाले होते आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ त्यांनी ते वाहिले. संस्थेत रुग्णालय आले, शेती आली, गोशाळा आली, मुलांसाठी वसतिगृह व शाळा आली. रुग्ण स्वतः काम करून कमावू लागले. २०१८ मध्ये बापट यांना पद्मश्री मिळाली आणि १७ ऑगस्ट २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा देह त्यांच्या इच्छेनुसार वैद्यकीय शिक्षणासाठी देण्यात आला. तांदळाच्या मुठीपासून आरंभलेले काम अशा रीतीने टिकले. बाहेरून येणाऱ्या देणगीला येथे उभे राहण्यासाठी जमीन आधीच तयार झालेली होती.

परदेशातही देणाऱ्यांनी हीच कसोटी लावलेली दिसते. अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणग्यांतून जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. मात्र इमारतीचा पैसा देण्यापूर्वी त्यांची अट असे: जागा गावाने द्यावी, आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी देखभालीसाठी गावानेच उभी करण्याची हमी द्यावी. काही गावांनी या अटीमुळे देणगी नाकारली, हेही नमूद करण्यासारखे आहे. वास्तू उभारणे एकदाचे असते. दिवा रोज लावावा लागतो.

आता पुन्हा सुपेल्याच्या अभ्यासिकेकडे वळू. तिचा खरा प्रश्न चार लाखांचा नसून दरमहा लागणाऱ्या पाच हजारांचा आहे. संध्याकाळी खोली उघडून बसणाऱ्या व्यक्तीचे मानधन साडेतीन हजार, वीज हजार, वर्तमानपत्रे व किरकोळ खर्च पाचशे. शंभर कुटुंबांनी दरमहा पन्नास रुपये दिले तर हा खर्च भागतो आणि वर्षाला साठ हजार रुपये होतात. अर्ज करण्यापूर्वी सहा महिने जरी ही वर्गणी नियमित गोळा झाली आणि बँकेत भरली गेली, तरी अर्जासोबत जोडलेले ते खातेपुस्तक दहा पानांच्या निवेदनापेक्षा अधिक बोलते. देणारा चार लाखांच्या टेबल-खुर्च्या देईल. पण दुसऱ्या वर्षी त्या खोलीला कुलूप लागणार नाही, याची खात्री त्याला हवी असते, आणि ती अशा नोंदींतूनच मिळते.

खाते हा विषय निघालाच आहे, तर एक खंत नोंदवणे भाग आहे. अनेक मंडळांचा पैसा खजिनदाराच्या वैयक्तिक बचत खात्यात पडून असतो. खजिनदार निःसंशय सज्जन असतो. परंतु त्याची बदली होते, आजारपण येते, प्रसंगी मृत्यूही होतो, आणि मग वारसांच्या पैशातून मंडळाचा पैसा वेगळा काढताना सर्वांचीच दमछाक होते. देणगीदार संस्था वैयक्तिक नावाने धनादेश देत नाहीत, हे तर निराळेच. खाते संस्थेच्या नावाने हवे. त्यासाठी नोंदणी प्रमाणपत्र, घटना व नियमावली, संस्थेचे पॅन कार्ड, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे आणि खाते कोणी चालवायचे याचा कार्यकारिणीचा ठराव लागतो. किमान दोघांच्या संयुक्त स्वाक्षऱ्या असाव्यात, आणि शक्य तर ते दोघे एकाच घरातील नसावेत.

नोंदणीबाबत महाराष्ट्रातून आलेल्यांचा एक गोंधळ नेहमी होतो. ते धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय शोधू लागतात. ती व्यवस्था महाराष्ट्रातील १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची. छत्तीसगढमध्ये सोसायटीची नोंदणी १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली फर्म्स व सोसायटींच्या निबंधकांकडे होते आणि त्यासाठी किमान सात सदस्य लागतात. सार्वजनिक न्यासांना मध्य प्रदेशाकडून आलेला १९५१ चा कायदा लागू असून त्याखाली जिल्हाधिकारी हेच निबंधक असतात.

यापुढची पायरी आयकर विभागाची. कार्यालयांत ‘१२ए’ आणि ‘८०जी’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या आणि मान्यता कायमस्वरूपी नसून ठरावीक मुदतीच्या असतात, हे ध्यानात ठेवून नूतनीकरणाची तारीख ठळकपणे लिहून ठेवावी. देणगीदारालाही सांगावे, की दोन हजार रुपयांहून अधिकची रोख देणगी करसवलतीस पात्र ठरत नाही आणि नवी करप्रणाली स्वीकारलेल्या करदात्याला ही सवलत मिळतच नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ‘सीएसआर-१’ हा अर्ज भरून नोंदणी करणे आवश्यक झाले आहे. त्याखेरीज, कंपनीने स्वतः न स्थापलेल्या संस्थेपाशी तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. नव्या मंडळाला ही अट जाचक वाटते. त्यावर उपाय एवढाच, की आरंभीची वर्षे एखाद्या जुन्या, नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काम करावे आणि अर्ज तिच्याच नावाने जावा. मानापमानाचे नाटक येथे रंगते, ते रंगू देऊ नये.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडून मदत मागण्याचा विचारही अनेकांच्या मनात येतो. मुलगा अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी समजली जात नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र तीच रक्कम विदेशी अंशदान ठरते. त्यासाठी केंद्र शासनाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशिष्ट खाते आवश्यक असते. पैसा मुलाचाच असला तरी कायदा पारपत्र पाहतो.

प्रत्यक्ष अर्ज दोन पानांत बसावा. किती मुले, कोणत्या वयाची, आज ती कोठे बसून अभ्यास करतात, खोली कोणाची व किती वर्षांच्या कराराने मिळाली आहे, हे आधी यावे. नंतर अंदाजपत्रक, आणि मोठ्या वस्तूंची तीन दरपत्रके. त्यानंतर मंडळाने स्वतः जमवलेली रक्कम, आणि शेवटी मागणी. चार लाखांपैकी साठ हजार आपण जमवले असतील तर तीन लाख चाळीस हजारच मागावेत. ‘कापले जातील म्हणून’ पाच लाख मागण्याची चतुराई तपासणाऱ्याच्या ध्यानात येतेच. त्याने असे अर्ज आयुष्यभर पाहिलेले असतात.

रक्कम मंजूर झाल्यावर काम हलके होत नाही. प्रत्येक खरेदीचे देयक, प्रत्येक मानधनाची पावती, शिल्लक साहित्याची नोंदवही, आणि वर्षअखेरीस सनदी लेखापालाच्या स्वाक्षरीचे उपयोगिता प्रमाणपत्र. पंख्यांऐवजी कूलर घेण्याचे ठरले तरी ते आधी देणाऱ्याला लेखी कळवून, त्याच्या संमतीनेच घ्यावे. सुपेल्याच्या मे महिन्यात कूलरची गरज कोणीही नाकारणार नाही. पण मंजुरी पंख्यांची होती.

पहिल्या अर्जाला नकार येण्याचा संभव बराच असतो. तसे झाल्यास कारण विनयाने विचारावे. पुष्कळदा ते साधे निघते: त्या वर्षीचा निधी संपलेला असतो, संस्थेच्या कार्यक्षेत्रात शिक्षण नसते, किंवा लेखापरीक्षण अहवाल एका वर्षाचाच जोडलेला असतो. ती उणीव भरून पुढील वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. मधल्या काळात खोली भाड्याची असली आणि खुर्च्या उसन्या असल्या, तरी ती उघडी ठेवावी लागते, आणि पन्नास रुपयांचे पावतीपुस्तक घेऊन कोणालातरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, बाजाराची गर्दी वाढण्यापूर्वी, शंभर घरांच्या पायऱ्या चढाव्या लागतात.