जाहिरातीतलं चित्र कोणाच्या मालकीचं?
किराणा दुकानदाराने मोबदला देऊन दिवाळीच्या पत्रकासाठी रंगचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार पहिला मालक दुकानदारच ठरतो. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी करार करा. कलम १९प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पत्रकाचं चित्र पुढे पिशवीवर, फलकावरही झळकणार का, हे आधीच विचारा आणि प्रत्येक वापराचा दर वेगळा लावा. हक्क विकल्यानंतरही चित्र आपलं असल्याचं सांगण्याचा अधिकार कलम ५७नुसार चित्रकाराकडेच राहतो. नवोदितांनो, आगाऊ रक्कम मागायला संकोचू नका.